वरचा किती, खालचा किती

७ जानेवारी, मंगळवार

वरचा १६२, खालचा ९८. अण्णांचं बीपी.

आज त्यांच्याशी दोनदा वाजलं. एकदा मशीनवरून, एकदा कॉलेजवरून. मशीनवरून सुरू झालेलंही शेवटी कॉलेजवरच जातं. बीएस्सी सोडून वर्ष होत आलं तरी यांचं संपत नाही. सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं, हे खरं. माफी मागितली नाही, हेही खरं.

शेंद्र्याच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली, त्यात अण्णांचं बीपी निघालं. दवाखान्याने गोळी दिली, घरी मोजायचं मशीन दिलं. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला फार्मासिस्टचा फोन येणार. आपण आकडे सांगायचे, ते डॉक्टरांशी बोलून सांगणार पुढं काय ते. अण्णा म्हणाले, 'मला काय दुखत नाय, खुपत नाय. आन् फोनवरून कुठं रक्त दिसतं व्हय?'

फोन आला. बाईचा आवाज ऐकून अण्णांनी मोबाईल माझ्याकडं फेकल्यासारखा दिला. 'तू बोल. तुला कुठं दुसरं काम हाये.'

'मी राजनंदिनी, फार्मासिस्ट. आपण कोण?'

'मुलगा. अजिनाथ.'

'बरं अजिनाथ, वरचा किती?'

असं कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. घरात अज्या, दुकानात ओय.

८ जानेवारी

मोबाईलच्या दुकानात दिवसभर ग्लास चिकटवताना तोच आवाज. वरचा किती. खालचा किती. तीन ग्लासमध्ये बुडबुडे राहिले. शिवराजदादा म्हणाले, 'प्रेमात पडला का भौ?' मालक आहेत म्हणून सोडलं.

१४ जानेवारी, मंगळवार

१६०/९६. गोळी चालू असून उतरत का नाही? मॅडमने मला पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायला लावल्या. सात दिवसांत चारच गेलेल्या.

'काकांना फोन द्या.'

अण्णांनी घेतला. मी कान लावून बसलो. अण्णा म्हणाले, 'एक दिवसाआड घेतो. रोज घेतली की सवय लागंल ना.'

मला वाटलं आता झापते. ती म्हणाली, 'काका, भाकरीची सवय लागली म्हणून एक दिवसाआड जेवता का?'

अण्णा हसले! घरात मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा. माय स्वयंपाकघरातून बघायला आली.

फोन ठेवताना म्हणाली, 'तिळगूळ फोनवर देता येत नाही, पण गोड बोला. एकमेकांशी.' आम्हा दोघांचा आवाज मागं ऐकू आला असणार. लाज वाटली.

२१ जानेवारी, मंगळवार

१४६/९०. गोळी रोज. सकाळी सातला अण्णा पाणी घेऊन उभे, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे.

धीर करून विचारलं, 'मॅडम, तुम्ही पुण्याहून बोलता का?'

'अजिंठ्याहून. घरूनच काम करते. लेणी विचारू नका, सगळे तेच विचारतात. मी गावातली.'

मी लेणी विचारणारच होतो.

२८ जानेवारी

१३६/८४. फोन सहा मिनिटं. मागच्या वेळी नऊ होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

१२६/७८. आठवडाभर असंच. माय खूश, अण्णा खूश. मॅडम तर फारच. 'छान! अजून एक आठवडा असं राहिलं की महिन्यातून एकदाच फोन करीन.'

महिन्यातून एकदा.

मी कॉट सोडून खाली फरशीवर बसलो. पलीकडून विचारत होती, 'हॅलो? अजिनाथ?' मी 'बरं' म्हणालो. कसलं बरं!

५ फेब्रुवारी

अण्णा चष्मा लावत नाहीत. पट्टा मी बांधतो, बटण मी दाबतो, ते विचारतात, 'किती रे?' आज मशीनवर १२४ होतं. मी म्हणालो, 'दीडशे.'

तोंडातून गेलं. मग वहीतही तेच लिहिलं. १५०/९०.

अण्णांनी जेवताना समोरचा पापड उचलून मायच्या ताटात ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले होते. १५०/९०, १६०/९०, १५०/१००, १६०/९०.

पहिलंच वाक्य — 'अजिनाथ, सगळे शून्यावर कसे काय संपले?'

मी वही उघडून बघितली.

'मशीनवर शून्य येतं, पण रोज रोज येत नाही. अंदाजाने लिहिता का?'

'नाही मॅडम. म्हणजे... जवळचा आकडा धरला.'

'धरू नका. रोज मशीनचा फोटो पाठवा.'

चिडली होती. चिडल्यावर तिचं मराठी अजिंठ्याचं होतं, हे कळलं. 'असं नाय चालत' म्हणाली. तेव्हापासून तेच डोक्यात. मी सुधारण्यापलीकडं गेलोय.

१२ फेब्रुवारी

फोटो कुठून आणायचा? युक्ती सुचली. पाण्याच्या टाकीपर्यंत तीन चकरा पळालो, धापा टाकत आलो आणि पट्टा माझ्याच हाताला बांधला. १५३/९४. फोटो काढला. शून्यावर संपला नाही!

तिचं उत्तर, 'मिळाला. धन्यवाद.' दोन शब्द. वीसेक वेळा वाचले असतील.

१५ फेब्रुवारी

चौथा दिवस. आज पळायचा कंटाळा केला. अंथरुणावरून उठलो, नुसताच बसून पट्टा लावला. तरी १५१/९५.

मशीन माझ्या बाजूचं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन चौदा मिनिटं! झोप, मीठ, तंबाखू, सगळं विचारलं. 'काका खरंच गोळी घेतात ना?' घेतात म्हणालो. ते तर खरंच आहे. 'लोणचं?' सोडलं म्हणालो. तेही खरं. माझ्या खोट्या आकड्याला भिऊन त्या माणसाने पापड, लोणचं, ठेचा, सगळं सोडलं. अळणी पिठलं खातात आणि मला विचारतात, 'आज तरी उतरलं का रे?'

शेवटी ती म्हणाली, 'मग दुसरी गोळी लागेल. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, चिठ्ठी दवाखान्यात आहे.'

इथं बोलायला पाहिजे होतं. जीभ उचलली पण होती.

तेवढ्यात ती म्हणाली, 'तुम्ही वडिलांचं इतकं करता, बरं वाटतं.'

नाही बोललो.

१९ फेब्रुवारी

मायने सकाळीच जाऊन नवी गोळी आणली. मला वाटलं होतं, घेतील एक दिवसाआड. पूर्वीचे अण्णा असते तर घेतली असती. आता हा माणूस एक गोळी चुकवत नाही.

२० फेब्रुवारी

अण्णा मोरीतून येताना भिंतीला धरून उभे राहिले. 'काय झालं?' 'काय नाय. अंधारी आली जराशी.'

आज फोटो पाठवला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सगळे झोपल्यावर लिहितोय.

दुपारी चारला दुकानात फोन. अण्णा मुकुंदवाडीला कंपनीच्या बसमधून उतरताना पायरीवरून खाली गेले. पळत गेलो. रसवंतीच्या बाकावर झोपवलेलं. ओठ फुटलेला, शर्टावर रक्त. मला बघून म्हणाले, 'तुझ्या मायला सांगू नको.'

रिक्षाने घरी आणलं. पट्टा बांधला. ९२/५६. हाच खरा आकडा, आणि हा मी केलेला.

मंगळवार नव्हता. तरी फोन लावला.

'मॅडम, अण्णा पडले. मी खोटं सांगत होतो. त्यांचं बीपी चांगलं होतं. मी तुमचा फोन दर आठवड्याला यावा म्हणून.'

पलीकडं मागं कुठंतरी बकरी ओरडली.

मग एका दमात — 'आडवं झोपवा, पाय उशीवर. डोक्याला मार लागलाय? बोलणं नीट आहे? छातीत दुखतंय?' मी एकेक विचारून सांगत गेलो. 'मी डॉक्टरांना लाइनवर घेते.' डॉक्टर म्हणाले, नवी गोळी बंद, लगेच दवाखान्यात आणा, ओठ बघू द्या. ते फोनवरून गेल्यावर ती म्हणाली, 'मशीन सोबत घ्या, अर्ध्या तासाने परत मोजा. आणि कुणाच्या हाताला पट्टा आहे ते फोटोत दिसू द्या.'

अर्ध्या तासाने, दवाखान्याच्या बाकावर, १०४/६४. फोटोत अण्णांचा हात, त्यावर गोंदलेलं त्यांचं नाव, 'सोनाजी'.

दवाखान्यात ओठाला दोन टाके. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. संध्याकाळपर्यंत तिने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मायच्या मोबाईलवर.

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना सगळं सांगितलं. समोर उभा राहिलो, खाईन मार म्हणून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. टाक्यांमुळं तोंड धड उघडत नव्हतं.

'म्हंजे माझ्या रक्तावर तू लाइन मारत होता?'

मायला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. अण्णांना पण आलं असतं, पण ओठ ताणला आणि ते कळवळले. मग म्हणाले, 'पंधरा दिवस पापड नाय खाल्ला रे मी.'

मारलं असतं तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांनी चष्मा लावला आणि आकडे स्वतः वाचले. १२८/८०. फोनही स्वतः घेतला. मी दाराशी बसलो, नखं कुरतडत. 'व्हय ताई. नाय ताई. आता महिन्याला? बरं ताई.' मग मोबाईल माझ्यापुढं धरला. 'तुला मागत्यात.'

'अजिनाथ, त्या आकड्यांवर मी डॉक्टरांशी बोलले. माझं नाव आहे त्या कागदावर. काकांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी परत कुणाला गोळी सांगू शकले नसते.'

माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा, आणि मागताना काही तुटलं नाही. ती 'बरं' म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही.

'ते फोटो कुणाच्या हाताचे होते?'

'माझ्या. पळून यायचो आणि लावायचो.'

'सगळे?'

'पहिले तीन दिवस. नंतर कंटाळा केला. बसूनच.'

'वय किती तुमचं?'

'बावीस.'

'उद्यापासून सात दिवस स्वतःचं मोजा. सकाळ-संध्याकाळ. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, भांडण नाही. आकडे घेऊन थेट डॉक्टरांकडं जा.'

शिक्षा आहे. कबूल.

२८ फेब्रुवारी

पाच मिनिटं गप्प बसणं काय असतं ते आज कळलं. समोर अण्णा घड्याळ घेऊन. मी 'झाली का' विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मजा घेतायत.

आकडे लिहितोय. जे येतात तेच.

६ मार्च

डॉक्टरांनी दोन्ही हातांचं मोजलं, लघवी, रक्त, सोनोग्राफी, सगळं करून घेतलं. किडनी चांगली आहे, हृदय चांगलं आहे. वहीवर बोट ठेवून म्हणाले, 'तुलाही बीपी आहे. हे लवकर सापडलं, नशीब समज. तुझ्या वयात कुणी मोजतच नाही.' मला काही होत नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. रस्त्याने येताना अण्णा म्हणाले, 'माझं एक ऐकलं नाय आजवर. हे मात्र बरोबर उचललं.' आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मुकुंदवाडीपर्यंत चालले.

११ मार्च, मंगळवार

सहाला फोन वाजला. माझ्या मोबाईलवर, माझ्या नावाने. खरखरीत, म्हाताऱ्या माणसाचा आवाज — 'मी सांडू काळे, फार्मासिस्ट. तुमची फाईल माझ्याकडं आहे, दर मंगळवारी मीच. हं, वरचा किती?'

अण्णांनी पट्टा सोडला. मी वाचला तसा सांगितला.