विकर, विकार आणि मधला काना

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जनुक तपासणी विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : माझ्या अहवालातील एक काना काढून टाकण्याबाबत.
संदर्भ : आपला गेल्या महिन्याच्या बारा तारखेचा अहवाल.

महोदय,

आपल्याला तसदी देणे जिवावर आले आहे. चूक माझ्याच समजण्यात असेल, या शंकेने हा अर्ज तीनदा लिहून फाडला.

१. आपल्या विभागाने ज्येष्ठांच्या पाहणीसाठी माझे रक्त घेतले. अहवालात छापून आले : 'पेशींतील प्रथिननिर्मितीचे नियमन करणाऱ्या विकाराचे जनुक आढळले.' तिथे 'विकराचे' हवे होते, असे मला वाटते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामे घडवून आणणारे द्रव्य. पेशीवर ताण आला की हे विकर प्रथिने बनवण्याचे काम थोडा वेळ थांबवते, असे पुस्तकात वाचले. त्याचे जनुक सर्वांमध्येच असते. आपल्यामध्येही असावे; आगाऊपणाबद्दल क्षमा असावी.

२. त्या कान्याने मी रोगी ठरलो. सौ.ने ही बातमी वाचनालयाच्या बाईंना सांगितली. मी निवृत्त मुद्रितशोधक असून तिथल्या नव्या ग्रंथसूचीची मुद्रिते रोज सकाळी तपासत असे. तेवढेच काम मला उरले होते. बाईंनी ती मुद्रिते काढून घेतली व त्या म्हणाल्या, "काका, आधी प्रकृती, मग ऱ्हस्वदीर्घ." सूची सोमवारी छापायला जाते. चौथ्या पानावर 'मधुमक्षिकापालन' हे 'मधुमेहपालन' झालेले आहे, आणि ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. बाईंना सांगायला गेलो, तर त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी दिले.

३. आपल्या टंकलेखकांना भेटलो. माणूस भला आहे. म्हणाले, "आजोबा, काना काढायचा अधिकार मला नाही. पण 'आढळले'चं 'आढळले नाही' करून देतो की, मिनिटाचं काम." मी भीतभीत सांगितले, की तसे केल्यास मी जिवंत असणे शास्त्राला धरून होणार नाही. त्यावर त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची खिडकी दाखवली.

४. घरच्या डॉक्टरांकडे निरोगी असल्याचा दाखला मागितला. त्यांनी नसलेल्या रोगाचे नाव विचारले.

तरी सोमवारपूर्वी काना काढून दुरुस्त प्रत थेट वाचनालयाच्या बाईंकडे पाठवावी, ही विनंती. घरच्या पत्त्यावर पाठवण्याची मात्र कृपया घाई करू नये. मला विकार असल्याचे कळल्यापासून माळ्यावरची पुस्तके रद्दीत कधी देणार, असे सौ.ने एकदाही विचारलेले नाही.

तसदीबद्दल खंतावलेला,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त मुद्रितशोधक
दिनांक : नऊ, गुरुवार

सोबत : अहवालाची प्रत. कान्याभोवती पेन्सिलीने गोल केला आहे. माझे चुकत असल्यास खोडता येईल.