फाटकाजवळचा हिरवा फुटवा

आंग्यो, १८ जानेवारी

चि. सायोरी,

आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरताहेत, तुझे बाबा ठणठणीत आहेत. नव्या वर्षाची चिकट तांदळाची मोची यंदाही कुणाच्या घशात अडकली नाही, म्हणजे सगळं छान!

लाल सालीचे मेपल तर असे रंगलेत की बघत राहावं. थंडी जितकी बोचरी तितकी त्यांची साल लाल. पुण्याईच म्हणायची.

तुझ्या पत्राचं उत्तर देतेच आहे, पण आधी झाडांचं ऐक.

फाटकापाशी बाबांचं लाडकं लाल झाड आहे ना, त्याला कलमाच्या खालून, खुंटाचा हिरवा फुटवा आलाय. आलाय कसला, माझ्या खांद्याला लागलाय! रोपवाटिकेच्या दारात असलं झाड म्हणजे न्हाव्याच्या पोराचं डोकं वाढलेलं. किती वेळा म्हटलं, "अहो, कापा तो, लोक हसतील." तर म्हणे, "उद्या." त्यांचा उद्या काही उजाडेना. शेवटी रविवारी मीच कात्री घेऊन निघाले.

बाबा धावत आले. धावत, सायोरी!

"किनुए, राहू दे."

"का म्हणून? लाल झाड म्हणून विकतो आपण!"

"लाल फांदी आपण वरून बांधली. मूळ या हिरव्याचं. इतकी वर्षं मुकाट पोसतंय बिचारं. एक फांदी स्वतःची काढली तर काय बिघडलं?"

"हे झाडाबद्दलच चाललंय ना?"

त्यांनी फुटव्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "जावई झाला तरी शुन्ताला त्याचं आडनाव राहू दे."

तुला वाटत असेल, बाबाच अडून बसलेत. फोनवर मीच तसं सांगत होते. खरं तर त्यांना मी विचारलंच नव्हतं. आपल्या घरात मुलीच होतात, जावई येतो आणि आपलं आडनाव घेऊन तोबिता होतो. माझे आजोबा तसे आले, वडील तसे आले, तुझे बाबाही. तुझा शुन्ता पाव भाजणं सोडून माळी व्हायला तयार, फक्त नाव सोडायला नाही. मला भारी राग आला होता गं.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला निशिओ हे नाव सोडताना वाईट वाटलं होतं?"

म्हणाले, "तेव्हा तू इतकी छान दिसत होतीस, लक्षातच आलं नाही." मग फुटव्याकडे बघत, "नंतर आलं."

इतक्या वर्षांत एक शब्द बोलले नाहीत! मी तिथेच, कात्री हातात घेऊन, ढसाढसा रडले. ते घाबरले, म्हणे, "बरं बाई, काप हवं तर." मग मला हसू आवरेना.

तेव्हा प्लम फुलला की या दोघं. लग्न इथेच होईल. शुन्ताला म्हणावं, नावासकट ये आणि पावही आण, बाबांना आवडतो.

फाटकावर तोबिताच्या शेजारी शुन्ताच्या नावाची, होरिगोमे अशी पाटी लागली आहे. बाबांनीच कोरली. मी त्यांच्याकडून आणखी एक कोरून घेतली: निशिओ. वेड पांघरून विचारतात, "ही कुणाची?" म्हटलं, "फुटव्याची!" तेव्हापासून सारखे फाटकापाशीच झाडत असतात. तिथे आता एक पान शिल्लक नाही.

पत्र त्यांना दाखवूनच टाकणार आहे, म्हणून सही नीट केली.

तुझी आई,
किनुए निशिओ

(पहिल्यांदाच लिहून पाहिलं. छान दिसतंय गं.)