कमानीतला पोचा

दादा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. काल माझं एक काम पुरं झालं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सावकाश लिहितेय.

पाटोद्यातलं आपलं कापडाचं दुकान, मी पुण्याला संशोधनाला लागले ते वर्ष. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तुम्ही गादीवर बसून मला विचारता, "तू पुण्याला नेमकं करायलीस काय?" मी सांगते, फार लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेजवळून येताना तिच्या वजनानं वाकतो आणि आपल्याला त्याची कमान दिसते. त्या कमानीला कुठं किंचित पोचा आला असेल, तर तिथं आणखी काहीतरी लहानसं असू शकतं. त्यात तारे नाहीत, उजेड नाही, नुसतं वजन. "दिसत न्हाई, तर हाय कावून म्हणायचं?" "प्रकाश वाकवतंय म्हणून." तुम्ही मान हलवता. पटलं की कंटाळलात, ते कळत नाही.

पुढच्या वर्षी एका कमानीत मला तसा पोचा सापडला. त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही पेठेत पेढे वाटलेत. काही महिन्यांनी तो शोध विरघळला. वाटेतल्या दीर्घिकेचा आकार आम्ही फार साधा धरला होता. तो नीट मांडला, तर पोचा तिच्यामुळंच पडलेला निघाला. न दिसणारं असं तिथं काही नव्हतंच.

दिवाळीला आले तेव्हा स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती आणि तुम्ही ताटावर होता. मी सांगितलं. तुमचा हात थांबला.

"मंजी न्हाईच?"

"न्हाई."

"लई लोकांना सांगितलंय मी. आधी नीट बघायचं, मंग तोंड उघडायचं."

"जेवू द्या की तिला," आई म्हणाली. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याबरोबर दुकानात आले. शेजारच्या भांडीवाल्यानं हसत विचारलं, "काय म्हणतंय पोरीचं आभाळ?" तुम्ही कुलूप उघडता उघडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "चुकलं ते. परत बघायली ती." आणि शटर वर केलंत.

त्यानंतर कामाचं मी काही बोलले नाही, तुम्हीही विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता दुसरी कमान आहे. दीर्घिकेचा आकार हर तऱ्हेनं बदलून पाहिला, पण पोचा जाईना. पोच्याची जागा न सांगता सगळी निरीक्षणं तपासायला दुसऱ्या गटाला दिली. काल त्यांचं उत्तर आलं: जागा तीच, वजनही जवळजवळ तेवढंच. बरोबरचे लोक चहाला गेले. मी खिडकी लावली. फार काही वाटलं नाही.

वाटलं होतं ते आधीच, या कमानीतला पोचा पहिल्यांदा दिसला तेव्हा. अजून काहीच तपासलं नव्हतं आणि मी तुमचा नंबर शोधत होते. तुम्ही नाही, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला.