खडकावरचा फोटो

गोवा, ४ मे २००३

ती. आबांस, शिवशंकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल हाय. जेवण वेळेवर मिळतं. टुरिस्टची गाडी आता मीच चालवतो.

एक गोष्ट आईला वाचून दाखवू नका. परवा जळगावचं नवं जोडपं गाडीत व्हतं. पिच्चरमधल्यासारखा खडकावर फोटो पायजे म्हणाले.

मी म्हटलं, "ताई, खडक निसरडा हाय."

ती हसली, "दादा, एकच काढा."

कॅमेरा माझ्याच हातात व्हता. तेवढ्यात मोठी लाट आली अन् ती पाण्यात गेली. नवऱ्याला पोहता येत नव्हतं. मी उडी टाकली. पाण्याला वढ लई. दोनदा तिचा हात सुटला, तिसऱ्यांदा केसाला धरून काढली. ती श्वासच घेईना. लई येळानं खोकली. काल दवाखान्यातून घरी गेली.

माझ्या पायाला चारच टाके पडलेत. समुद्र दिसला की मात्र गाडी लांबच उभी करतो.

संभाजीनगरात नव्या इमारतीवर पाणी मारताना डोक्याला फडकं बांधता ना? गावाकडं पिशोरला टँकर येतो का?

लहानपणी कमरेला दोर बांधून तुम्ही मला विहिरीत ढकलायचे, तवा लई राग यायचा. आता विहीर कोरडी हाय. पाणी लागलं की माझ्या सोनियालाबी तसंच ढकला. पोरगी म्हणून सोडू नका.

तुमचा,
शिवशंकर