पुरं वाक्य

मंगळवार, १४ जुलै २००९. पनवेल.

बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात नियम माझाच. एका शब्दात उत्तर चालणार नाही, पुरं वाक्य बोलायचं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आज प्रश्न त्यांनी विचारायचे होते. तळोज्याच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या सुनंदाने अडखळत इंग्रजीत विचारलं, "टीचर, घरी तुमची वाट कोण बघतं?"

"नोबडी," म्हणून मी घाईने फळ्याकडे वळले.

"असं नाय चालत, टीचर! पुरं वाक्य. तुमीच शिकवलंय."

काय करणार? बोलले. घरी माझी वाट कोणीही बघत नाही. इंग्रजीत, अगदी स्पष्ट. टाळ्याच टाळ्या! सुनंदाच्या सगळ्यात जोरात. रागावू तरी कुणावर?

घरी आल्यावर कुलूप काढताना ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. चूक एकही नव्हती.