इफ्ताहच्या लेकीची आई

वटार,
ऑगस्ट १९८२

प्रिय क्लेमेंटीन बाय,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. टपालाने आलेलं तुझ्याआधी मदर सुपिरियरच्या हातात पडतं. त्या बाईंबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, पण हे लिहिलंय ते तुझ्यासाठी. तुमच्या मठातली सिस्टर आजारी आईला भेटायला गावी आली होती, तिच्याबरोबर पाठवतेय. सोबत उन्हाळ्यात केलेली सुकेळी आहेत. यंदा केळी नीट वाळली नाहीत, थोडी चिकट लागतील. सगळ्यांना वाटून टाकू नकोस, दोन-चार स्वतः खा. मी पाठवलेलं तू काही खातेस की नाही, हे तुझ्या पत्रांवरून कधी कळतच नाही.

घरी सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, घरात तीन माणसं आणि तिघांचे तीन कोपरे. तुझे पप्पा उजाडताच बागेत जातात, ते दिवे लागले की येतात. रुडॉल्फ पहाटेच्या गाडीने ऑफिसला जातो. आल्यावर जेवतो, ताट स्वतः धुतो आणि झोपतो. चोवीस वर्षांचा घोडा झाला, पण मुलगी बघायचं नाव काढलं की उठून बाहेर जातो. आगाशीचं इतकं चांगलं स्थळ आलं होतं, तेही घालवलं. मग दिवसभर मी आणि कोंबड्या. परवा पिवळीला चक्क विचारलं, काय गं, जेवलीस का? नंतर माझं मलाच हसू आलं, आणि मग रडू आलं. पाऊस असा लागलाय की कुणी ओट्यावर टेकायलाही येत नाही. संध्याकाळी रोजरीला आम्ही तिघं बसतो तेव्हाच घरात माणसांचा आवाज होतो, आणि तोही देवाशी बोलण्याचा.

नाही म्हणायला रविवार बरा जातो. चर्चमधली मिस्सा झाली की शाळेच्या पडवीत माझा धर्मशिक्षणाचा वर्ग. तुझ्या वेळी होती तशीच वात्रट कार्टी आहेत. यंदा फादरनी बायबलच्या स्पर्धेचं काढलंय आणि आमच्या वाट्याला आलंय शास्त्यांचं पुस्तक. गिदोन झाला, देवळाचे खांब पाडणारा शमशोन झाला. शमशोनच्या वेळी पोरांनी पडवीचा खांब पाडायचा प्रयत्न केला, ते सोड. मग आला इफ्ताह.

तुला आठवत असेल, तरी सांगते, कारण त्यात माझं काही अडकलंय. इफ्ताहला भावांनी घरातून हाकलून दिलेलं. पुढे लढाई आली तेव्हा तेच लोक त्याच्या पाया पडत आले, बाबा रे, तूच आमचा पुढारी हो. शूर गडी, देवावर भरवसाही मोठा. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! देवाला म्हणाला, मला जिंकू दे, घरी परतल्यावर दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला अर्पण करीन. जिंकला. आणि दारातून डफ वाजवत, नाचत कोण आलं? त्याची एकुलती एक लेक. तर हा कपडे फाडून तिलाच म्हणतो, पोरी, तू मला पार खचवलंस! म्हणजे शब्द दिला यानं आणि दोष तिचा. ती बिचारी म्हणाली, दिलात ना शब्द, मग पाळा. फक्त दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडून येते. गेली, रडली, दिवस भरताच आपल्या पायांनी परत आली. आणि बापाने नवस फेडला.

शिक्षकांसाठी जे छापील पान येतं त्यावर खाली बोध दिला होता. इफ्ताहसारखे आपणही देवाला दिलेला शब्द पाळू या. मी तो फळ्यावर लिहिला. पोरं उतरवून घेत होती. तेवढ्यात कार्मिन उठली. पोर आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, सदा नाक पुसत असते. म्हणाली, टीचर, तिची आय कुठं होती?

मी म्हटलं, बायबलात लिहिलेलं नाही. ती म्हणाली, पण असेल ना? माझ्या पप्पांनी मला असं दिलं तर माझी आय पप्पांना लाटण्यानं मारील. वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग खडू खाली ठेवला आणि तो फळा पुसून टाकला. पोरांना म्हटलं, लिहिलेलं खोडा, पुढच्या रविवारी वेगळं सांगते. फादरना जाऊन विचारलं. ते म्हणाले, जुलियानाबाय, तिच्या आईचा उल्लेख नाही. मी म्हटलं, उल्लेख नाही म्हणजे ती मेली होती असं होत नाही फादर. ते चष्मा पुसत बसले.

तुला सगळा गाव नवसाची पोर म्हणायचा, त्यामुळे नवस तुला ठाऊक आहे. पण तो दिवस तू माझ्या तोंडून कधी ऐकला नाहीस. रुडॉल्फला घटसर्प झाला होता. घसा बंद, ओठ निळे, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी खाटेपाशी होते आणि पप्पा चर्चमध्ये. पहाटे परत आले ते चिंब भिजून, आणि म्हणाले, मी मरियामाउलीला शब्द दिलाय, हा वाचला तर घरातलं एक लेकरू देवाला वाहीन. एक लेकरू! अगं, घरात लेकरं दोनच. जे वाचलं तेच परत कसं देणार? मग उरलं कोण? सात वर्षांची तू, कोपऱ्यात माझा पदर धरून उभी. त्याच सकाळी रुडॉल्फने डोळे उघडले आणि पेज मागितली. अशा घडीला कोण भांडेल बाय? मी गुडघे टेकले. पुढे दर वर्षी वाटायचं, अजून लहान आहे, बघू. मग तू सतरा वर्षांची झालीस आणि पेटी भरून हसत निघालीस. सगळे म्हणाले, किती आनंदाने गेली. मला ते हसू पसंत नव्हतं. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत तू असंच हसायचीस.

पप्पांना वाईट समजू नकोस. चर्चमध्ये लोक त्यांना पुढच्या बाकावर जागा देतात, लेक देवाला दिली म्हणून. पण इतक्या वर्षांत घरात त्यांनी तुझं नाव मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलेलं नाही, रोजरीतली प्रार्थना सोडली तर. त्या रविवारी जेवताना मी त्यांना कार्मिनचं सांगितलं. गप्प बस जुलियाना, असं म्हणून ते ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी बागेतून आले, चिखलाचे पाय तसेच, आणि दारातूनच विचारलं, ती डोंगरातून परत आली तेव्हा त्यानं तिला एकदा तरी विचारलं का गं? मी म्हटलं, नाही जेम्स, नाही विचारलं. ते तसेच पुन्हा बागेत गेले. त्या दिवशी बागेत काही काम नव्हतं.

तुझी पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यांत सणांची माहिती असते, हवा असते, मदरांची तब्येत असते. तू नसतेस. आणि शेवटी दर वेळी, मी खूप सुखात आहे. सुखातलं माणूस असं दर वेळी लिहितं का गं? माझा नुसता संशयही असेल. रिकाम्या घरात बाईला नाही नाही ते सुचतं. तू खरोखरच सुखात असशील तर ह्या म्हातारीचे कान उपट, मला आनंदच होईल.

आता लिहायचं कारण सांगते. आठ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, तुझी शेवटची व्रतं. पप्पा आणि गावातली मंडळी बस करून आदल्या दिवशी येणार आहेत. मी त्यांच्याबरोबर येत नाही. मी आधीच, एकटी येतेय. तुमच्या भेटीच्या खोलीत बसेन आणि ह्या घरात तुला कुणी कधी विचारलं नाही ते विचारीन. बाय, तुला तिथे राहायचंय का? हो म्हणालीस तर पुढच्या बाकावर बसून मनापासून गाईन, माझा आवाज कसाही असो. नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही. शेवटची व्रतं घेईपर्यंत परत येता येतं, मी फादरना विचारून घेतलंय. लोक बोलतील, बोलू देत. शब्द तू दिला नव्हतास. मोडला तर देवाला काय सांगायचं ते मी आणि पप्पा बघू. नाशिकला जायचं एक आणि यायचं एक, अशी तिकिटं काढ, असं मी रुडॉल्फला सांगितलं होतं. काल त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. जायचं एक होतं आणि यायची दोन. मी त्याच्याकडे पाहिलं. नाही लागलं तर परत करता येतं, एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून ताट वाढून घेऊ लागला.

तुझीच,
आई