आईनं खोलीत बसावं म्हणून

नाही, आई, या वेळी तू खोलीबाहेर जाणार नाहीस. गेल्या वेळी गेलीस, दार हळूच ओढून घेतलंस, आणि आत दुसऱ्या खात्याच्या मंत्रीणबाईंनी, ज्यांनी मासा फक्त ताटात पाहिलाय, आपल्या लांगेविकाचा मासळी-धक्का बंद करायची परवानगी तो चालवणाऱ्या कंपनीला देऊन टाकली. का, तर मत्स्यमंत्र्यांच्या, म्हणजे तुझ्या, मुलाची बोट त्याच धक्क्यावर मासळी उतरवते, तेव्हा मत्स्यमंत्र्यांनी त्या फाईलला हात लावू नये. नियम बरोबर आहे, हे तू इतक्यांदा ऐकवलंस की मला तो झोपेत म्हणता येईल. आता मार्चमध्ये धक्का पुन्हा उघडण्याचा अर्ज तुझ्या टेबलावर येतोय आणि तू पुन्हा खुर्ची मागे सरकवणार, असं माझ्यामागे बोट सांभाळणाऱ्या मारेननं कळवलं. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, सीवर्ट स्कॉरविक, वय सव्वीस, राहणार लांगेविका, सध्या दक्षिण समुद्रात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, पकडणाऱ्या जहाजावर डेकचा कामगार. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी दारू पाजून, धाक दाखवून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. लग्न नाही, मूल नाही, कर्ज नाही. उद्या आम्ही बंदर सोडून बर्फाच्या कडेनं आणखी खाली जातो. तिथून बहुतेक सगळे परत येतात आणि मीही येणार आहे, तरी माझ्यामागे घोळ नको.

आधी किरकोळ वस्तू.

कॉड माशाच्या जिभा कापायची सुरी आईला परत. ती तिचीच. नऊ वर्षांची असताना ती आमच्या धक्क्यावर माशांची मुंडकी खिळ्यात अडकवून जिभा कापायची, आणि त्या विकून तिनं सायकल घेतली. पुढे तिथल्याच कारखान्यात पाकिटं भरली, कामगारांची पुढारी झाली, मग नगराध्यक्ष, मग खासदार. मंत्री झाली त्या दिवशी राजवाड्यासमोर फुलं घेऊन उभी होती, वाऱ्यानं केस तोंडावर, आणि टीव्हीवाल्यानं विचारलं, "बाई, या खात्याचा अनुभव काय?" ती म्हणाली, "जिभा कापायचा." आजोबा टीव्हीपुढे इतके हसले की कवळी काढून हातात धरावी लागली. ती नगराध्यक्ष असताना तिनं आमच्या शाळेच्या नव्या इमारतीची फीत कापली आणि त्याच महिन्यात मी शाळा सोडली, हेही इथे नोंदवतो. त्याबद्दल दोघांचीही फिटंफाट झालेली आहे.

पिवळा रेनकोट. मावळत्या मंत्र्यानं खात्याची चावी सोपवताना नव्याला काहीतरी भेट द्यायची पद्धत आहे, त्यात आईला हा मिळाला. "तूरिल, या खात्यात पाऊस छतातून नाही, गावाकडून येतो," असं तो म्हणाला होता. कोट माझ्या कपाटात आहे. इथला स्वयंपाकी इग्नासिओ तो कधीचा मागतोय, पण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. त्यामुळे इग्नासिओ नाराज आहे. कोट मिळेल दुकानदार हिल्मारला. धक्का बंद झाला त्या आठवड्यात मी त्याच्या दुकानात ब्रेड घ्यायला गेलो, तर भर गिऱ्हाइकात म्हणाला, "काय रे, तुझ्या आईची कॉफी झाली असेल तर सांग, आता आत आली तरी चालेल." सगळे हसले. मी ब्रेड तिथेच ठेवला आणि महिन्याभरात या जहाजावर आलो. हे भांडण मी कोणालाही वारसा म्हणून देत नाही. कोट मात्र त्यानं घालावा.

बँकेतली बचत समुद्रातल्या बचाव-बोटीच्या मंडळाला. आईला नको, तिला पगार आहे.

अंत्यविधी गावच्या चर्चमध्ये. आईनं तिथे मंत्री म्हणून बोलू नये. आई म्हणून गप्प बसली तरी चालेल.

आता बोट.

'गुनवोर' ही माझी बोट, तिच्यासोबतचा मासेमारीचा हक्क, जाळी आणि दोर. आजोबांनी ती मुलीला सोडून नातवाला दिली. "तूरिलला दिली तर ती बोटीवर समिती नेमेल," असं म्हणाले. माझ्या नावावर आयुष्यात दुसरं काही नाही आणि दुसरं काही हवंही नव्हतं. पण त्याच बोटीपायी तू उठून गेलीस. त्या रात्रीचा फोन तुला आठवत असेल.

"तुला बोलता आलं असतं," मी म्हणालो.

"तुझी मासळी तिथे उतरते, सीवर्ट. मी बोलले असते तर निर्णय रद्द झाला असता आणि गाव म्हणालं असतं, पोरासाठी केलं."

"मग नुसतं बसायचंस."

"त्या खोलीत बसणं म्हणजे बोलणंच."

मी फोन ठेवला. आता मासळी उतरवायला वळसा घालून शेजारच्या फ्योर्डात, डोंगरापलीकडच्या खाडीत, जावं लागतं, हिवाळी वाऱ्यात लहान बोटी निघतच नाहीत, आणि आमच्या वाटेवरच्या तीन घरांना कुलूप लागलंय. तू मात्र एकदाही म्हणाली नाहीस की बोट वीक. मागणं नियमात बसत नसेल. मला त्याचाच जास्त राग होता.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर 'गुनवोर' मारेन ल्योवोसला मिळावी. ती आत्ता बोट चालवते आहे आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे, तेव्हा स्पष्ट लिहितो: मारेन माझी होणारी बायको नाही. मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा नाही म्हटलं. हे आनंदानं लिहीत नाही, पण कायद्याच्या कामी येईल.

इथपर्यंत लिहून कागद साक्षीदारांपुढे ठेवला. आमचा इंजिनवाला ओद्ने चष्मा कपाळावर सरकवून वाचत होता.

"बोट मेल्यावर देणार?"

"मृत्युपत्र आहे ना हे."

"आणि आईची बैठक मार्चमध्ये. तोवर मरायचा बेत आहे का?"

इग्नासिओ बटाटे सोलत होता. "फेब्रुवारीत नको," तो म्हणाला. "भांडी घासायची पाळी त्याची आहे."

मी म्हणालो, जिवंतपणी बोट देऊन टाकणं वेगळं.

"वेगळंच," ओद्ने म्हणाला. "मेल्यावर कोणीही उदार होतं, पोरा."

मी डेकवर जाऊन आलो. इग्नासिओनं माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि पेन सरकवलं.

तेव्हा बोटीचं वरचं कलम रद्द. त्याऐवजी: 'गुनवोर' आणि तिच्यासोबतचं सगळं आज, माझ्या हयातीत, मारेन ल्योवोसची. मोबदला नाही. परत घेण्याचा करार नाही, लेखी नाही, तोंडी नाही, नजरेनंही नाही. नाव बदलायचं की ठेवायचं ते ती ठरवेल. मी परत आल्यावर तिच्या बोटीवर काम मागू शकतो आणि ती नाही म्हणू शकते, तिला सवय आहे. बाकीची कलमं मी मेल्यावर लागू होतील, त्यांना घाई नाही.

मूळ कागद जिल्हा न्यायालयात ठेवायचा. एक प्रत मारेनला, एक आईला, आणि एक तिच्या खात्याच्या वकिलांना. त्यांनी हवं तेवढं तपासावं, मला फोन करावा. लांगेविकाचा धक्का उघडला तरी तिथे आता माझं काही उतरणार नाही.

आई, अर्ज मंजूर कर असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तुझे वकील पुन्हा तुला बाहेर काढतील. फेटाळायचा असेल तर फेटाळ. पण आत बसून, फाईल वाचून, स्वतःच्या सहीनं. मग गावात येऊन सांग. आपले लोक नकार पचवतात, रिकामी खुर्ची पचवत नाहीत.

हे सर्व मी स्वतःच्या हातानं लिहिलं. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर होते, त्यांनी मला सही करताना पाहिलं, आणि त्यांना यातून काहीही मिळत नाही. इग्नासिओनं हे वाक्य मुद्दाम दोनदा वाचायला लावलं.

सही: सीवर्ट स्कॉरविक

साक्षीदार: ओद्ने ब्रेक्केन, इंजिन विभाग
साक्षीदार: इग्नासिओ बार्रिआ, स्वयंपाकघर

ठिकाण: पुंता आरेनास बंदर, जहाजावर
दिनांक: १४ जानेवारी

बोट मारेनच्या नावावर करायची फी आणि तिच्या पहिल्या वर्षाचा विमा माझ्याकडून, म्हणजे दान अर्धवट राहिलं असं कोणाला म्हणता येऊ नये. आज दुपारीच मारेनच्या खात्यावर पाठवतोय: एकवीस हजार सहाशे क्रोनर.